एक घर, एक खातं

डावं मनगट डोळ्यांसमोर, उजवा हात शर्टाच्या खिशात, मान कॉम्प्युटरकडे. नजर घड्याळावरून फोनवर, फोनवरून पडद्यावर, पडद्यावरून परत घड्याळावर. आणि मग अख्ख्या तलासरीला ऐकू जाईल अशा आवाजात, "जुळलं!"

आमच्या कचेरीचं काम या आरोळीनंतर सुरू होई. त्याआधी कुणी दाखला मागायला आलं तर आम्ही सरळ सांगायचो, "थांबा जरा, भाऊसाहेबांचं अजून जुळलं नाही."

भाऊसाहेब म्हणजे आमचे अव्वल कारकून. काही लोक कुत्री पाळतात, काही दुखणी पाळतात. भाऊसाहेबांनी एक फोन, एक घड्याळ आणि एक कॉम्प्युटर पाळला होता, आणि तिघांत भांडण लागू नये म्हणून ते जिवाचं रान करत. फोनवर 'गॅस नोंदवणे' असं लिहिलं की ती आठवण घड्याळात थरथरली पाहिजे, कॉम्प्युटरवर उगवली पाहिजे. काम झालं की बोटाने हिरवी खूण करायची, की आठवण तिन्ही ठिकाणांहून गायब. "एकीकडे केलं की सगळीकडे झालं," ते म्हणत. "माणसांत राहिलंय का हो हे?"

ते घड्याळ पावलंही मोजायचं. भाऊसाहेब तंबाखू मळत बसले होते तेव्हा हात हलतोय म्हणून त्याने त्यांना घरून, चिखल्याहून, थेट सायवनला पोचवलं, असं मी कचेरीभर सांगत असे. ते शांतपणे दुरुस्ती करत, "सायवन नाही. कासा."

एकदा आम्ही जीपने अच्छाडच्या ढाब्यावर जेवायला चाललो होतो. तिथे हद्दीपाशी मोबाइलला कळत नाही आपण कुठल्या राज्यात आहोत. भाऊसाहेबांच्या फोनमध्ये दोन सिम. एकाने गुजरातमध्ये स्वागत केलं, दुसरं महाराष्ट्र सोडायला तयार नाही. भाऊसाहेबांनी जीप थांबवली आणि ट्रकांच्या धुरळ्यातून फोन पुढे धरून उलटे चालू लागले. ड्रायव्हर ओरडतोय, "चालो काका, बेसी जाओ!" आणि हे तिकडून, "अरे, अर्धा माणूस गुजरातेत कसा जेवेल?" दोन्ही सिम एका राज्यात आल्यावरच ते गाडीत बसले. तोवर ढाब्यावरची डाळ संपली, आणि तूर पेरून नवी आली म्हणाल तरी मी नाही म्हणणार नाही.

हसलात? आम्हीही हसायचो. ते होतेच हसण्यासारखे.

चिखल्याला त्यांची चिकूची वाडी होती. वाडीमागे सुरूची झाडं, त्यापलीकडे समुद्र. बायको गेल्यावर त्यांनी वाडी मुलाच्या नावावर करून टाकली. आम्ही म्हटलं, "भाऊसाहेब, एवढी घाई?" तर म्हणाले, "एक घर, एक खातं. इथे असलं काय नि तिथे असलं काय."

हेच तत्त्व त्यांनी मुलाच्या लग्नातही लावलं. सून उंबरठा ओलांडून आत आली, तेव्हा भाऊसाहेबांनी तिच्या ओटीत नारळासोबत कोरा करकरीत फोन घातला. फोनला हळदकुंकू लावलेलं आणि आत स्वतःचं खातं आधीच घातलेलं. मुलाच्या फोनमध्ये तेच होतं. "सून घरात आली म्हणजे खात्यात आली," त्यांनी मांडवात जाहीर केलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सुनेला वाटलं, सासरची काहीतरी रीत असेल.

मुलगा-सून वसईला फ्लॅटमध्ये राहायला गेले, पण खातं एकच राहिलं. तिने वसईत 'कोथिंबीर' लिहिलं की तलासरीत भाऊसाहेबांचं मनगट थरथरायचं. एके दिवशी घड्याळात 'सोनोग्राफी' आलं. मुलगा-सुनेने अजून आरशालाही सांगितलं नसेल, भाऊसाहेबांनी दुपारी कचेरीत पेढे वाटले आणि संध्याकाळी वसईला फोन लावून विचारलं, "काय मग, आजोबा म्हणू का स्वतःला?" पलीकडे सून म्हणे फोन ठेवून रडली. पण खातं काही वेगळं झालं नाही. फोटो, नंबर, पासवर्ड, सगळा संसार त्यातच भरलेला. उपसणार कोण?

आणि मग तो दिवस आला. कचेरी भरलेली, दाराबाहेर लोकांची रांग. भाऊसाहेबांचं मनगट थरथरलं, खिशातला फोन किणकिणला आणि कॉम्प्युटरच्या पडद्यावर, आम्हा सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, मोठ्या अक्षरांत आठवण उगवली:

'पप्पांना रविवारी सांगणे: वाडी विकतोय. रडले तर विषय बदलणे.'

भाऊसाहेबांनी घड्याळ पाहिलं, फोन पाहिला, पडदा पाहिला. तिन्हीकडे तेच. सवयीने ओठ हलले, "जुळलं." पण आवाज फुटला नाही. मग त्यांचं बोट पुढे झालं आणि त्यांनी हिरवी खूण केली. आठवण गेली.

आमचे हिशेबनीस माणूस विनोदी. म्हणाले, "भाऊसाहेब, रविवारी रुमाल जरा मोठा न्या." सगळे हसले. माझं पोट सगळ्यांत मोठं, त्यामुळे माझं हसू जास्त वेळ चाललं.

भाऊसाहेबही हसले. म्हणाले, "रडतोय कशाला? पोरगा विचारेल, मी हो म्हणेन. तोंडाने विचारलं म्हणजे झालं."

त्या रविवारी मी चिकू घ्यायच्या निमित्ताने चिखल्याला गेलो. खरं सांगायचं तर तमाशा बघायला गेलो. भाऊसाहेब इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून अंगणात बसले होते, मुलगी दाखवायच्या कार्यक्रमाला बसावं तसे. वसईहून गाडी आली. सुनेने पोहे केले. मुलगा वाडीत फिरून आला.

"यंदा फळ बरं धरलंय," भाऊसाहेबांनी विषयाचं दार उघडून दिलं.

"हो पप्पा."

"पुढच्या वर्षी काय होतंय बघू."

मुलाने बायकोकडे पाहिलं, बायकोने मुलाकडे. दोघांच्या चेहऱ्यावर एकमेकांचे आभार होते. मग मुलगा म्हणाला, "पोह्यांत लिंबू हवं होतं."

दुपार उलटली. भाऊसाहेबांनी वाडीचा विषय किती तऱ्हांनी काढून दिला! पाण्याची मोटार काढली, वटवाघळं काढली, शेजारच्याने कुंपण किती पुढे सरकवलं तेही काढलं. मुलगा प्रत्येक वेळी 'हो पप्पा' म्हणे आणि थोडा अजून मोकळा होई. निघताना तो पाया पडला. डोळ्यांत पाणी. "पप्पा, तुमचं मन खरंच मोठं आहे," असं म्हणून गाडीत बसला. गाडी गेली.

भाऊसाहेब रस्त्याकडे बघत राहिले. "बोलला का हो काही?"

"नाही."

"विसरला असेल."

"विसरेल कसा? आठवण लावली होती ना."

त्यांनी मनगट वर केलं. घड्याळाकडे इतका वेळ बघत राहिले की मला वाटलं, ते बंद पडलंय.

"ती मी काढली की हो," ते म्हणाले. "मी खूण केली. तिला वाटलं यानं सांगितलं. त्याला वाटलं तिनं सांगितलं."

"मग आता तुम्हीच फोन करा."

"काय म्हणू? तुमचं वाचलं म्हणू? परत सांगा म्हणू?" ते उठले, सुरूंकडे तोंड करून उभे राहिले. "हिच्या अस्थी इथेच सोडल्या समुद्रात. माझ्याही इथेच सोडा, एवढं त्याला सांगून ठेवलंय. वाडी कुणाची का असेना, समुद्र तर कुणी विकत नाही."

वाडीचा व्यवहार झाला हे त्यांना कुणी शेवटपर्यंत सांगितलं नाही. एका सकाळी ते अंगणात चहा पीत होते, तेव्हा मोजणीची टेप घेऊन आलेला माणूस अदबीने म्हणाला, "काका, आ खुरशी जरा खसेडोने." काकांनी खुर्ची सरकवली. चहा हातातच होता. टेप पुढे गेली.

पुढे ते निवृत्त झाले आणि वसईला गेले. शेवटच्या दिवशी मी विचारलं, "कॉम्प्युटरवरून तुमचं खातं काढू ना?"

"राहू दे," म्हणाले. "तलासरीतही जुळलेलं बरं."

तर ते राहिलं. आम्ही काम करता करता पडद्याच्या कोपऱ्यात वसई उगवायची. 'पप्पांची गोळी.' 'पप्पांचा चष्मा दुरुस्ती.' 'पाहुणे येणार, पप्पांना आतल्या खोलीत बसवणे.' थोड्या वेळाने तिकडे कुणीतरी खूण करायचं, आठवण जायची. आपण कुणी खूण करायची नाही, अशी आमची रीतच पडली. हिशेबनीस म्हणायचे, "भाऊसाहेबांना बसवलं बरं का आतल्या खोलीत!" आणि आम्ही चहा मागवायचो. त्यांच्या तब्येतीची चौकशी करायला कुणाला फोन करावा लागला नाही. ती पडद्यावर होती.

मग त्या टेबलावर बदली होऊन नव्या मॅडम आल्या. कामाला चोख. पडद्यावर फाइल सोडून काही दिसलेलं त्यांना खपत नसे. मी त्यांच्या मागे सही घ्यायला उभा होतो, तेव्हा कोपऱ्यात आलं:

'पप्पांच्या अस्थी. रविवारी चिखले.'

असं कळलं आम्हाला.

मी अजून वाचतच होतो. "काय हे सारखं मध्ये मध्ये येतं," मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी हिरवी खूण केली. पडदा स्वच्छ झाला.

मी म्हटलं, "अहो!" त्या म्हणाल्या, "काय झालं? सही कुठे करू?" मुलाचा नंबर माझ्याकडे नव्हता. होता तो त्या खात्यात, आणि खात्याचं कुलूप उघडणारा माणूस वसईत एखाद्या खिडकीच्या ग्रिलला पिशवीत टांगलेला होता.

रविवारी मी चिखल्याला गेलो. वाडीला आता भिंत आहे, दारावर राखणदार. त्याने विचारलं, "साहेब, कोणाची वाट बघता?" मी म्हटलं, "येतील वसईहून." सुरूंखाली बसून राहिलो. भरती आली, वाळूवरची सगळी घाण घेऊन परत गेली. गाडी काही आली नाही. तिकडे तिला वाटलं असेल, यानं केलं. त्याला वाटलं असेल, तिनं.

उठताना मी उगाच डावं मनगट डोळ्यांसमोर धरलं. माझं घड्याळ जुनं, किल्लीचं. त्यात नुसती वेळ होती.