समाजशास्त्राला लाभार्थी पाहिजे

आमचं समाजशास्त्राचं संशोधन केंद्र बुडवलं ते चव्हाण सरांनी. नाव आधीच सांगून टाकतो, उगाच शेवटपर्यंत ताणत बसायला नको.

केंद्र म्हणजे काय, तर कोल्हापुरातल्या एका कॉलेजच्या मागं दोन खोल्या. चव्हाण सर संचालक. बाबर सर रिटायर झालेले, पण घरी कुणी ऐकून घेत नाही म्हणून रोज येणारे. आणि मी, पीएच.डी. करणारा, म्हणजे चहा सांगणारा! अशा जागी किस्से धुळीसारखे साठतात. कुणी मुद्दाम आणत नाही आणि कुणी झाडतही नाही.

*

एके दिवशी वरून निरोप आला. समिती येणार. तुमच्या संशोधनाचा समाजाला उपयोग काय ते दाखवा, नाहीतर अनुदान बंद. अनुदान बंद म्हणजे केंद्र बंद, आणि केंद्र बंद म्हणजे माझी अर्धी झालेली पीएच.डी. पंचगंगेत.

चव्हाण सर भडकले. "उपयोग? आपण काय युरिया हाय काय?"

बाबर सर म्हणाले, "युरियाचा दिसतो तरी."

चहा आला. मीटिंग संपली.

*

सरांनी पहिलं काम केलं ते फ्लेक्सचं. आमच्याकडं कुठल्याही संकटावर पहिला उपाय फ्लेक्स! मधोमध गॉगल घातलेले चव्हाण सर, भोवतीनं गोल गोल फोटोंत संस्थेचे सगळे म्हातारे, आणि 'संशोधन' हा शब्द खाली कोपऱ्यात, प्रिंटरच्या मोबाइल नंबरच्या वर.

दुपारपासून सरांना वाढदिवसाचे फोन सुरू झाले. सर प्रत्येकाला "धन्यवाद, धन्यवाद!" संध्याकाळी कुणीतरी केक पण पाठवला.

सरांनी कापला.

*

माझा विषय साधा होता. शिरोळकडं पूर येतो, बोट दारात येऊन थांबते, तरी माणसं घर का सोडत नाहीत?

सरांचं उत्तर खुर्चीत बसूनच तयार होतं. "अज्ञान!"

मी मात्र आख्खा सीझन तिकडच्या गोठ्यांत बसून काढला. जाईल तिथं तेच ऐकलं. आक्का म्हणून एक बाई तर माझ्यावरच खेकसल्या, "म्हस दाव्याला ठेवून मी बोटीत बसू व्हय रं? तू बसशील का तुझ्या आईला ठेवून?"

म्हणून मी लिहिलं, आधी जनावरं हलवा, माणसं मागोमाग येतील. गावातही तेच सांगत सुटलो. पुढच्या पुरात गावानं खरंच जनावरं आधी माळावर नेली, आणि आक्कांची आख्खी गल्ली कुणी विनवणी न करता मागनं चालत गेली.

सरांनी ते वाचलं. "म्हशी? अरे, हे समाजशास्त्र हाय का जनावरांचा दवाखाना?" समितीला दाखवायच्या प्रेझेंटेशनमधून म्हशी गेल्या. त्या जागी आलं 'परंपरा आणि आधुनिकता : एक चिंतन'. चिंतन सरांचंच. स्लाइडवर सूर्योदय होता.

*

मग रंगीत तालीम. बाबर सर समिती झाले, आणि त्यांनी गडबड केली. खरा प्रश्न विचारला!

"या चिंतनाला पुरावा काय?"

चव्हाण सरांचा चेहरा पडला. "बाबर, तुमच्या पोरीच्या लग्नात पंगतीला वाढलंय मी!"

"म्हणून पुरावा मागायचा न्हाय?"

"मागा की! पर असं परक्यागत मागायचं?"

दोघांचं बोलणं बंद. पुढं समिती येईपर्यंत एकाच खोलीत बसून माझ्यामार्फत निरोप. "त्यांना सांग, पंखा बारीक करा." "त्यांना सांग, पंखा सरकारी हाय."

डॉक्टरेट घेतलेली माणसं ही!

*

शेतकी कॉलेजवाले समितीला लाभार्थी दाखवतात, असं सरांच्या कानावर आलं. झालं! "आपल्याला पण एक लाभार्थी पाहिजे."

पहिला धरला तो हातकणंगल्याचा एक शेतकरी. मी त्याची मुलाखत घेतली होती. सरांनी मोठ्या प्रेमानं विचारलं, "पावणं, आमच्या संशोधनाचा काय फायदा झाला?"

"झाला की! ह्यो गडी प्रश्न इचारायला आलता, तवा वैरणीचा भारा त्येनंच घरापातूर आणला."

सर मला बाजूला घेऊन म्हणाले, "हा नको."

मी म्हणालो, "शिरोळच्या आक्कांना बोलवू?"

"बाई हाय, शेतकरी हाय. बेस्ट!" कशाच्या लाभार्थी, हे विचारलं असतं तर सर कसले!

मी फोन केला. आक्का म्हणाल्या, "यीन की. पर म्हस गाभण हाय. तिला कुणाच्या जिवावर सोडू?"

*

समिती आली. तिघं जण, अध्यक्ष एक मॅडम. आल्या आल्या फेटे. मग शाल, नारळ, बाबर सरांचं स्वागताचं भाषण, त्यात चव्हाण सरांचं नाव सोडून सगळ्यांचे आभार.

मॅडम म्हणाल्या, "काम बघायचं का?"

"मॅडम, कोल्हापुरात आलाय. उपाशीपोटी संशोधन?"

तांबडा झाला, पांढरा झाला, परत तांबडा झाला. दोन मेंबर फेट्यासकट खुर्चीत झोपले. मॅडम तेवढ्या जाग्या. पेन उघडून म्हणाल्या, "आम्हाला गाडी गाठायचीय. तुमच्या संशोधनाचा कुणाला उपयोग झाला, एवढंच दाखवा."

तेवढ्यात पटांगणात टेम्पो थांबला. आक्का उतरल्या. मागून म्हैस उतरली. आक्कांनी ती फ्लेक्सच्या खांबाला बांधली आणि थेट कॉलेजच्या हॉलमध्ये माइकसमोर येऊन उभ्या राहिल्या.

खिडकीतून म्हैस दिसली तसे सर शिपायाच्या कानात पुटपुटले, "ती घाण गेटाबाहेर काढ."

आक्का बोलायला लागल्या, "ह्यो पोरगा आमाला म्हनला, पूर आला की आदी..."

बाहेर म्हैस हंबरली. आक्कांनी वळून पाहिलं. शिपाई दावं धरून म्हैस गेटाकडं ओढत होता. आक्कांनी पदर खोचला, माइक सोडला आणि तरातरा बाहेर.

मॅडमचं पेन हवेतच. "अहो, बाई कुठं निघाल्या?"

मी उठलो. सरांनी माझा खांदा दाबून मला खाली बसवलं आणि मॅडमकडं बघून हसले.

"जाऊ द्या मॅडम, अडाणी लोक. म्हैस हलली की ही हलणार! आपण चिंतनाकडं वळू."

अनुदान बंद झालं. केंद्राला कुलूप लागलं. माझी पीएच.डी. गेली.