त्याची माय कुठी गेली?

ती कादंबरी थोर आहे, हे मी आधीच मान्य करते. खेड्यातला मुलगा घर सोडतो, शहरात ठेचकाळतो, हळूहळू माणूस होतो. विशीत वाचली तेव्हा हा मुलगा म्हणजे मीच, असं वाटलं होतं. आता साठी उलटल्यावर मी लेखकाशी भांडायला उठले आहे.

आमच्या आरमोरीकडच्या गावात वर्षावासाचे, म्हणजे पावसाळ्याचे तीन महिने रोज संध्याकाळी बुद्धविहारात ग्रंथवाचन होतं. मी निवृत्त शिक्षिका, आवाज खणखणीत, म्हणून वाचायचं काम माझ्याकडे. पांढरी लुगडी नेसून बाया ऐकतात आणि अध्याय संपला की हात जोडून तीनदा ‘साधू’ म्हणतात. यंदा वर्षावास संपला की पुण्याहून येतो, असं माझा मुलगा म्हणाला होता. समाप्तीच्या खिरीपर्यंत मी वाट पाहिली. सुट्टी मिळाली नाही म्हणे. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घर खायला उठलं. धान कापणीला अवकाश होता, बायाही मोकळ्याच होत्या. कपाटातली ती कादंबरी काखोटीला मारली आणि विहाराच्या ओसरीवर जाऊन बसले.

सवय त्यांनाही होतीच, एकेक करत बाया जमल्या. पहिल्या प्रकरणाच्या शेवटी मुलगा पहाटे निघून जातो, माय दारात उभी राहते, तो मागे वळूनही पाहत नाही. मी थांबले. सगळ्यांनी हात जोडले, “साधू, साधू, साधू!” मला हसू आवरेना. मग एकदम रागच आला, कोणाचा ते कळलं नाही.

पुढे रोज एक प्रकरण. मुलाची नोकरी, त्याचं प्रेम, त्याचे पानंच्या पानं विचार. बाया जांभया देत. विहाराची किल्ली सांभाळणारी म्हातारी मात्र रोज विचारायची, “बाई, त्याची माय कुठी गेली?”

“येईल पुढं.”

“तिले कोणी काऊन नाई इचारून राह्यलं?”

घरी येऊन मी उरलेलं पुस्तक चाळलं. माय कुठेच नाही. लेखकाने तिला दारात उभं केलं आणि खुशाल विसरून गेला. मुलाचं एकटेपण काय सुंदर लिहिलंय त्याने! मायसाठी एक ओळ सापडली नाही त्याला. विशीत मलाही ते खटकलं नव्हतं, कारण तेव्हा दारात मी उभी नव्हते.

शेवटी तो मुलगा शहरातल्या पुलावर एकटाच उभा राहतो आणि कादंबरी संपते. मी ते वाचलं, पान उलटलं आणि वाचतच राहिले. ते पान कोरं होतं. मुलगा एसटीतून उतरतो, बांधाबांधाने येतो, धान पिवळं झालेलं असतं. माय म्हणते, हातपाय धू, जेवायला बस. यापुढे मला काही सुचेना.

“साधू, साधू, साधू,” बाया म्हणाल्या. या वेळी मीही म्हणाले.

सगळ्या पांगल्यावर म्हातारीने विहाराला कुलूप लावलं. मी अंधारात चपला शोधत होते. तिने एक माझ्याकडे सरकवली.

“तुमचाबी येईल, बाई,” ती म्हणाली.

घरी आले आणि एकटीपुरता भात टाकला.