खिडकीतून आलेलं बोट

नळीत थेंब थेंब पाणी टाकून माझा हात दुखायला लागला, तरी रक्ताचा रंग फिका होईना.

तेव्हा मी नगरच्या एका हॉस्पिटलात लॅब टेक्निशियन होते. वय तेवीस, अक्कल त्याहून बरीच कमी. हिमोग्लोबिन मोजायची आमची पद्धत साधी. बोटाचं रक्त ॲसिडमध्ये मिसळायचं, शेजारच्या तपकिरी काचेशी रंग जुळेपर्यंत पाणी घालायचं, मग नळीवरचा आकडा वाचायचा. दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्या बायांचा आकडा जेमतेम आठ-नऊ. आणि नेवाशाकडच्या यमुनाबाईंचा अठरा! चिठ्ठीवर लिहिलेलं, स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालेली बाई, आणि रक्त पैलवानाचं?

गर्दी आत घुसू नये म्हणून लॅबच्या दाराला टीचभर खिडकी होती. पेशंटने त्यातून बोट आत घालायचं, मी टोचायचं. चेहरा कुणाचाच दिसत नसे. मागे एका नवऱ्याने बायको अशक्त होईल म्हणून तिच्याऐवजी आपलंच बोट घातलं होतं. झालं, मला चोर सापडला.

"बोट कुणाचं होतं?" मी दरडावलं.

"माजंच की, बाई," बाहेरून घोगरा आवाज.

चक्क पुरुषाचा. "उद्या या. आणि बायकोचं बोट आणा."

"आवं, हिचं डोकं लई दुखतंय. कागुद आजच द्या," हा दुसराच आवाज.

आता दोन पुरुष झाले. मी आणखी गोंधळले, म्हणून खिडकी आणखी जोरात लावली.

दुसऱ्या दिवशी आलेलं मनगट मी धरूनच ठेवलं. त्यात हिरव्या बांगड्या. आकडा अठराच. ॲसिड बदललं, काच पुसली. अठरा. मग नवऱ्याचं बोट मागवलं. तेरा.

नळी घेऊन डॉक्टर सरांकडे गेले.

"केसपेपर वाचलास?"

"मी फक्त रक्त बघते, सर."

"तिला इंजेक्शन पुरुषी हार्मोनचं चाललंय. काही बायकांत हा कॅन्सर त्याने दबतो. तिची हाडं दुखायची थांबली ती त्यानेच. पण आवाज घोगरा होतो, मिशी फुटते, आणि तांबड्या पेशी वाढून रक्त दाट होतं. त्याची गुठळी फुप्फुसात गेली तर बाई जाईल. डोकं दुखतं म्हणाली का?"

"नवरा काल सांगत होता."

"मग तू काय केलंस?"

"खिडकी लावली."

सरांनी येऊन लॅबचं दार उघडलं. यमुनाबाई तोंडावर पदर धरून उभ्या, चेहरा लालबुंद. "गावात म्हनत्यात, हिला तेज आलंय," नवरा म्हणाला. पायात गुठळी धरली आहे का म्हणून सरांनी पोटऱ्या दाबून पाहिल्या. तशी खूण नव्हती. इंजेक्शन बंद आणि बाटलीभर रक्त काढायचं ठरलं.

नवऱ्याने बाही वर केली. "तिचं नगा, माजं काढा. तसाबी कालपास्नं आळ माज्यावरच हाय."

यमुनाबाई घोगऱ्या आवाजात हसल्या. पदर सुटला, तेव्हा मिशीची लव दिसली. त्यांनी लगेच तोंड झाकलं.

महिन्याने आकडा चौदावर आला, डोकेदुखी गेली. हाडांचं दुखणं मात्र परतलं, तेव्हा सरांनी दुसरं औषध धरलं.

मी सुतार बोलावून खिडकी चेहरा दिसेल एवढी करून घेतली. सरांनी दार उघडेपर्यंत नळीकडे मी चारदा पाहिलं होतं, बाईकडे एकदाही नाही. आणि बांगड्या तर पहिल्या दिवशीही वाजल्याच असणार.