सहावा आकडा

"चार. शून्य. नऊ. नऊ. दोन."

एवढं म्हणून सर थांबले. ओटीपी सहा आकड्यांचा असतो. मी पाच टाकले होते. बोट कीबोर्डवर तसंच ठेवून मी त्यांच्याकडे पाहिलं.

"सर, शेवटचा?"

"शेवटचा तुम्ही ओळखा. आपण कॉलेजला जाता ना?" सरांनी फोन उलटा करून छातीशी धरला. "शून्य ते नऊ. दहाच आकडे आहेत. त्यातला एक निवडायचाय. स्थळ निवडण्याइतकं अवघड नाही."

मागे उभ्या असलेल्या मुली हसल्या. मीही हसले. अपमान झाला की आधी हसू येतं, हे मला त्या खोलीत कळलं. स्क्रीनवर सेकंद उलटे पळत होते. मी सात टाकला. चूक. तीन टाकला. चूक. मग घाबरून काय दाबलं ते मला आठवत नाही. लाल अक्षरं आली. खातं बंद.

"अरेरे," सर म्हणाले. "गणितही कच्चंच का?"

पुन्हा सगळ्या हसल्या.

हे सातारा रस्त्यावरच्या एका मोठ्या कपड्यांच्या दुकानातलं. मी तिथे पार्ट टाइम काम करते. कॉलेज सुटलं की संध्याकाळी, आणि शनिवार-रविवार पूर्ण दिवस. माझी जागा ट्रायल रूमच्या दाराशी. गिऱ्हाइकाने किती कपडे आत नेले ते पाहून टोकन द्यायचं, आणि नाकारलेले कपडे घडी करून परत जागेवर ठेवायचे. मला तिथे नावाने कोणी हाक मारत नाही. "ए ट्रायल रूम" म्हणतात. पहिले काही दिवस मी मागे वळून पाहायचे, की खोलीला कोण हाक मारतंय.

आमची पगाराची स्लिप कागदावर मिळत नाही. ती कंपनीच्या साइटवर असते. साइटवर जायचं तर आपला एम्प्लॉयी नंबर टाकायचा, मग मोबाइलवर ओटीपी येतो, तो भरला की स्लिप उघडते. पर्मनंट लोकांचे ओटीपी त्यांच्या स्वतःच्या फोनवर येतात. आम्हा पार्ट टाइमवाल्यांचे येत नाहीत. आमचे फोन कामाच्या वेळी लॉकरमध्ये असतात, आणि आम्ही येतो-जातो, आज आहोत तर उद्या नाही. म्हणून भरती होतानाच आमच्या सगळ्यांच्या नावापुढे दुकानाच्या एकाच फोनचा नंबर टाकलेला. तो फोन सरांच्या खिशात. सर म्हणजे आमचे फ्लोअर मॅनेजर. पुण्यातच वाढलेले, चांगल्या शाळेतले, तिशीचे. आवाज कधी चढवत नाहीत. त्याची त्यांना गरजच पडत नाही.

पगार झाला की मागच्या खोलीतल्या कॉम्प्युटरपाशी आमची रांग लागायची. एकेकीने पुढे यायचं आणि ओटीपी मागायचा. इंग्रजीत. पूर्ण वाक्यात. "ही तुमची पर्सनॅलिटी डेव्हलपमेंट आहे, फुकट," असं सर म्हणायचे. मी मराठी शाळेत शिकले. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. वाक्य मला पाठ असायचं, पण पुढे उभी राहिले की पहिल्या दोन शब्दांपुढे जायचं नाही. त्या गुरुवारी मी घाईत मराठीत मागितला. म्हणून पाचच आकडे.

"मराठीत मागितला, तर जेवढा मराठीत बसला तेवढा दिला," सर म्हणाले. "उद्या या. उद्या खातं उघडेल. नीट मागा, सहाच्या सहा देईन."

मला स्लिप शनिवारी दुपारपर्यंत हवी होती. नुसती उत्सुकता नव्हती. मी डेक्कनजवळच्या एका ट्रस्टच्या वसतिगृहात राहत होते. शिकत शिकत काम करणाऱ्या मुलींना तिथे सवलत मिळते. त्यासाठी दर सहामाहीला पगाराची स्लिप छापून द्यावी लागते. बँकेचं पासबुक चालत नाही, मी विचारून पाहिलं होतं. रेक्टर बाई वाईट नाहीत. पण त्यांच्या टेबलामागे तारखेचा कागद चिकटवलेला असतो आणि बोलताना त्या आपल्याकडे न बघता त्या कागदाकडे बघतात. सवलत गेली तर तिथे राहणं मला परवडणार नव्हतं. कॉट दुसऱ्या मुलीला गेली असती.

म्हणजे गोष्ट सोपी होती. शुक्रवारी इंग्रजीत एक वाक्य म्हणायचं आणि कॉट वाचवायची.

सना तेच म्हणाली. सना खडकीची. तिच्या वडिलांचं तिथे शिलाईचं दुकान आहे. दुकानात माझ्याबरोबर डबा खाणारी ती एकटीच.

"अगं, म्हणून टाकायचं ना. तोंड झिजतं का?" तिने तिच्या डब्यातला कबाब माझ्या पोळीवर ठेवला. "सरांना मजा हवी असते. दे त्यांना मजा, घे आपली स्लिप. मी तर ॲक्टिंग करते. साडी नेसून अवॉर्ड घ्यायला आल्यासारखी."

तिने करून दाखवलं. मला हसू आलं. ती चुकीचं बोलत नव्हती. मला फक्त तिच्यासारखं करता येत नव्हतं. तिच्या तोंडी ते नाटक होतं. माझ्या तोंडी ते खरं व्हायचं.

शुक्रवारी सकाळी आईला फोन केला. आमचं गाव सोलापूर रस्त्याला, लोणी काळभोरच्या बरंच पुढे. आई तिथल्या एका नर्सरीत काम करते. काळ्या पिशव्यांत माती भरायची, रोपं लावायची. मी तिला सगळं सांगितलं. मला वाटलं, आईला राग येईल. कोणाला तरी राग यावा असं मला फार वाटत होतं.

"मग माग की गं," आई म्हणाली. "येक आकडाच हाय. त्यात काय येवढं?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"आमचा मुकादम तर हात बघतो," आई हसत म्हणाली. "पगाराच्या दिवशी सगळ्या बाया वळीनं हुभ्या. तळवं पुढं करायचं. नखात माती दिसली तरच पैसं टाकतो. म्हनतो, काम केल्यालं कळाया नगं व्हय? तुझी मावशी येकदा हात धुवून गेली, तर तिला माती कालवून आन म्हनला. लई हसलो आमी. हसलं की बिगीबिगी देतो त्यो."

आई हसतच होती. मागे बायकांचे आवाज, पाण्याचा पाइप सोडल्याचा आवाज. ती मला धीर देत होती. हे असंच असतं, घाबरू नकोस, असं तिला सांगायचं होतं. आणि मला एकदम कळलं, की हे हसू मी दुकानात शिकलेच नाही. ते मी घरून आणलं होतं. आई ते मला देत होती, जसं भाकरी बांधून देते, तसंच मायेने. आणि आईला ते कोणी दिलं असेल?

आईला मी "बरं," म्हणाले. फोन ठेवला आणि वसतिगृहाच्या जिन्यात बसून राहिले. खूप एकटं वाटलं. आजवर वाटलं नव्हतं इतकं. मला राग आला होता आणि तो राग माझ्या आईलासुद्धा समजणार नव्हता.

संध्याकाळी दुकानात गेले. मागच्या खोलीत सर होते, सना होती, अजून दोघी होत्या. सरांनी खिशातून फोन काढला.

"या. आज तयारी करून आलेल्या दिसता. बोला, पूर्ण वाक्य."

मी वाक्य पाठ केलं होतं. जिन्यात बसूनही पाठ केलं होतं, हे खरं सांगते. तोंड उघडलं आणि दुसरंच बाहेर आलं.

"सर, मला ओटीपी नको. माझ्या नावापुढे माझा नंबर टाकून द्या."

"कशाला? दर महिन्याला देतोच की मी."

"देता, म्हणूनच."

माझा आवाज कापत होता. कोणी हसलं नाही. सरांनी फोन परत खिशात ठेवला.

"नंबर हेड ऑफिसला बदलतात. बाणेरला. सोमवारी उघडेल. तुमची तारीख शनिवारची ना?" त्यांना ते माहीत होतं. गुरुवारी मीच अजिजीने सांगितलं होतं. "विचार करा. मी इथेच आहे."

मी ट्रायल रूमच्या दाराशी जाऊन उभी राहिले. दुकान बंद होईपर्यंत सर दोनदा समोरून गेले. दोन्ही वेळा त्यांनी खिशावर हात ठेवला. मला जाता आलं असतं. मी गेले नाही. टोकन देत राहिले.

शनिवारी रेक्टर बाईंना सांगितलं, स्लिप सोमवारी मिळेल. त्यांनी तारखेच्या कागदाकडे पाहिलं. म्हणाल्या, "बाळ, तुला मुदत दिली तर बाकीच्यांना का नाही?" त्यांचंही खरंच होतं.

सोमवारी कॉलेज बुडवून बाणेरला गेले. काचेची इमारत. रखवालदाराने आधारकार्ड उलटंपालटं करून बघितलं आणि बाहेरच्या बाकावर बसवलं. बराच वेळ बसले. मग एक मुलगी आली, माझ्याच वयाची असेल, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र. तिने माझा नंबर विचारला, लॅपटॉपवर दोन-चार बटणं दाबली. झालं.

"यासाठी इतक्या लांब आलीस?" ती म्हणाली. "हे तर तुझे मॅनेजरच करू शकतात. त्यांच्या स्क्रीनवर ऑप्शन असतो."

मी तिला थँक्यू म्हणाले.

बसस्टॉपवर उभं राहून माझ्या फोनवर साइट उघडली. ओटीपी आला. माझ्या फोनवर, माझ्या हातात. स्लिप उघडली. वर माझं पूर्ण नाव होतं, वडिलांच्या नावासकट. मी ते बऱ्याचदा वाचलं. आनंद झाला असं म्हणणार नाही. दाखवायला कोणी नव्हतं. बस आली, गर्दी होती, फोन आत ठेवला.

त्याच आठवड्यात कॉट सोडावी लागली. आता मी धायरीत राहते, एका खोलीत पाच जणी. कॉलेजला जायला दोन बस लागतात. खोलीतल्या मुली आपापल्या कामावर जातात, येतात, झोपतात. कोणी कोणाला फारसं विचारत नाही.

दुकानात सना माझ्याबरोबर डबा खात नाही. एकदा लॉकरपाशी भेटली तेव्हा म्हणाली, "तू बाणेरला जाऊन आलीस आणि सर आता राग आमच्यावर काढतात. आधी वाक्य म्हटलं की आकडा द्यायचे. आता म्हणतात, हक्काचा आहे ना, मग जा बाणेरला." मी तिला म्हटलं, तूही चल, मी येते सोबत. तिने लॉकर लावला. "सगळ्यांना परवडतं का गं?" म्हणाली आणि गेली. मला राग नाही आला तिचा. तिच्या घरी धाकट्या दोन बहिणी आहेत.

मागच्या आठवड्यात सरांनी बोलावलं. माझे शनिवार-रविवार काढून घेतले होते. त्याऐवजी मंगळवार आणि बुधवार, सकाळचे. त्या वेळी माझी प्रॅक्टिकल्स असतात, हे त्यांना माहीत आहे.

"गर्दी नसते तेव्हा. अभ्यास होईल तुमचा," ते म्हणाले. "आणि जमत नसेल तर राजीनाम्याची सोय साइटवरच आहे. आता काय, ओटीपीसुद्धा तुम्हालाच येईल."

हे त्यांनी इतक्या सहज म्हटलं, की तिथे कोणी नवीन माणूस असता तर त्याला ती काळजी वाटली असती.

मी राजीनामा देणार नाही. प्रॅक्टिकल बुडवणार नाही, मंगळवार-बुधवारला येऊ शकत नाही, असं त्यांना मराठीत मेल करून कळवलं आहे. त्याचं उत्तर अजून आलेलं नाही. काढायचं असेल तर त्यांनी काढावं, आणि का काढलं ते स्वतःच्या नावाने सांगावं. ते काम मी त्यांच्यासाठी करून देणार नाही.

या महिन्यात दोन नव्या मुली लागल्या आहेत. त्यांच्याही नावापुढे दुकानाचाच नंबर आहे. पगाराच्या दिवशी मला शिफ्ट नाही. तरी मी जाणार. मागच्या खोलीत, सरांच्या समोर उभी राहून त्या दोघींना सांगणार, की नंबर बदलता येतो, आणि तो बदलणं सरांच्याच हातात आहे. सना ऐको, न ऐको. त्या दोघी माझ्याकडे बघोत, न बघोत. बाहेर काढलं तर दुकानाच्या पायरीवर उभी राहून सांगेन. पुढच्या महिन्यातही सांगेन. आवाज कापेल. कापू दे.