गेनूच्या आईचं नाव

गेनू आणि मी एकाच पदराखाली प्यालो, त्यामुळे आमची भांडणं दुधापासूनची. विंझरला आमच्या शेजारची भिमा बाळंतपणात गेली. तिचा नवरा चिमाजी आधीच गेलेला. माझी आई, चंद्राबाई, तेव्हा महिन्याची ओली बाळंतीण. मांडीवरच्या मला बाजूला सारून तिनं गेनूला घेतलं. त्याचा वचपा मी पुढं कितीतरी वर्षं त्याच्या झिंज्या उपटून काढला. आज चुलीपुढची आमची ढकलाढकली आठवली की फार हळवं व्हायला होतं.

भिमाच्या मयताच्या गडबडीत गेनूचा जन्म पाटलाकडं नोंदवायचा राहूनच गेला. तेव्हा कुणाचं अडलं नाही. अडलं ते त्रेचाळीस साली. गेनू सातवीची फायनल पास झाला, मास्तरकीच्या ट्रेनिंगला नाव लागलं आणि तिथं जन्माचा दाखला मागितला.

नसरापूरपर्यंत पायी, पुढं सर्व्हिस मोटारीनं आम्ही तिघं भोरच्या कचेरीत गेलो. केशवराव कारकून भला माणूस. गेनूचं ‘आई, आई’ ऐकून त्यांनी अर्ज लिहिला आणि वाचून दाखवला. आईचं नाव, चंद्राबाई.

गेनूचा चेहरा फुलला. आई मात्र म्हणाली, “रावसाहेब, ते खोडा. म्या पाजलं, पर जलम भिमानं दिला.”

“मग पुन्हा यावं लागेल, बाई. जन्म देणारी हयात नाही, तर सुईणीला आणा. तुम्हा दोघींची जबानी घ्यावी लागेल.”

“ऱ्हाऊ दे की, आई,” गेनू कळवळला. “उशीर झाला तर ट्रेनिंगची जागा जाईल माजी.”

“जाऊ दे. तुज्यापायी जीव गेला पोरीचा. तिचं नाव कुठंच न्हाई, हितं तरी लागू दे.”

मला आईचा भयंकर राग आला. पोराच्या तोंडाशी आलेला घास ती काढून घेत होती.

ठकुबाई सुईण पार थकलेली. तिला बैलगाडीत घालून आईनं दुसरी खेप केली. दाखला मिळाला आणि जागाही राहिली. त्या संध्याकाळी ओसरीवर गेनूनं दाखला आणि जबानीची नक्कल आम्हाला वाचून दाखवली. भिमाचं नाव आलं तसं आईनं पदरानं डोळे पुसले. मग जरा वेळानं तिनं विचारलं, “आन् मी कुठं हाय रं ह्यात?”

गेनूनं तळाच्या ओळीवर बोट ठेवलं. “साक्षीदार,” म्हणाला, आणि आईच्या मांडीत तोंड खुपसून हमसाहमशी रडला.