आखडलेले शर्ट आणि सफियाभाभी

आधी सगळ्यांनी चहाचे कप खाली ठेवा बघू. हे ऐकताना कुणाच्या तोंडात चहा असला, तर तो थेट माझ्या सोफ्यावर येईल! आणि आता काय सांगू तुम्हाला, ह्या घरात डाग आणि धुणं ह्याबद्दल बोलायला मला तोंडच राहिलेलं नाही.

मी स्वतःला फार हुशार समजते. समजायचे, म्हणा. हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करते ना! दिवसभर लोकांच्या रक्तात दोष शोधायचे, मग घरी आल्यावर ती खोड जाते का?

आम्ही कुवेतला आलो ते ऐन थंडीत. मिरकाबमधल्या जुन्या बिल्डिंगीत हा फ्लॅट. एक खोली आमची, एक सफियाभाभी आणि इक्बालभाईंची. स्वयंपाकघर एक, बाथरूम एक, आणि बाथरूममध्ये भाभींची वॉशिंग मशीन. भाभी रत्नागिरीकडच्या, मी कराडची. पहिल्याच दिवशी त्यांनी सुरमईचं कालवण समोर ठेवलं आणि म्हणाल्या, "गो रेखा, हय लाजायचा नाय. मशीन पण तुझीच समज." एवढी गोड बाई! आणि मी तिच्यावरच... थांबा, क्रमानं सांगते.

मे उजाडला आणि ह्यांचे शर्ट आखडायला लागले.

आधी बाह्या वर सरकल्या. मग बटणं लागेनात. हे बिचारे आरशासमोर पोट आत घेऊन उभे. म्हणाले, "रेखा, माझं वजन वाढलंय." भात सोडला, गोड सोडलं, आणि त्या मरणाच्या उकाड्यात रोज संध्याकाळी समुद्रावर चालायला जायला लागले. हे वाळत गेले, पण शर्ट त्यांच्याहून वेगानं वाळत गेले हो! शेवटी माझा पांढरा लॅबकोट भाभींच्या ओढणीबरोबर धुतला गेला आणि फिकट गुलाबी होऊन बाहेर आला, तेव्हा माझी ट्यूब पेटली. दोष पोटात नाही, मशीनमध्ये आहे!

मेकॅनिक बोलावला. भाभी तेव्हा भाजी आणायला गेल्या होत्या. हैदराबादचा होता तो. त्यानं मशीन उघडली, पाहिली, बंद केली.

"मशीन एकदम फस्ट क्लास है बाजी."

"फिर कपड़ा छोटा कैसे होता है?"

"गरम पानी में धोए तो होताइच ना! घर में पूछो, कौन धो रा."

घरात कोण? मी तर बटण नेहमी थंड पाण्यावर ठेवते. हे मशीनला हात लावत नाहीत, त्यांना तिचं झाकणही उघडता येत नाही. इक्बालभाई पहाटे अहमदीला कामावर जातात ते अंधार पडल्यावर उगवतात. मग राहिलं कोण? तुम्हीच सांगा!

आता तुम्ही म्हणाल, एवढ्यावरून संशय? एवढ्यावरून नाही हो. भाभींचं आणखी एक प्रकरण माझ्या डोक्यात होतं. गीझरचं.

मला पहाटे ड्युटीला जायचं असतं. लहानपणापासूनची सवय, अंघोळीला लाल खुणेचा नळ सोडायचा. तर मे लागल्यापासून ह्या नळाला गार पाणी! बघते तर गीझरचं बटण बंद. मी चालू केलं, अंघोळ केली, गेले कामाला. दुसऱ्या दिवशी पुन्हा बंद. मी पुन्हा चालू. असं रोज! तोंडानं कुणी काही बोलत नव्हतं, पण युद्ध चालू होतं.

एकदा भाभींनी विचारलं, "रेखा, गीझर तू लावतंस काय गो?"

आणि मी काय म्हणावं? "छे! मी कशाला लावू?"

का बोलले असं, देव जाणे. मला वाटलं, ही बाई लाइटबिलासाठी उलटतपासणी घेते आहे. ह्यांना सांगितलं तर हे म्हणाले, "अगं, बिल घरमालक भरतो. त्या कशाला बचत करतील?" माझा संशय गेला का? उलट वाढला! बचत नाही, म्हणजे काहीतरी वेगळाच डाव आहे!

आणि मग तो डाव मला दिसलाच. भाभींच्या धाकट्या भावाचा व्हिसा आला. त्या फोनवर कुणालातरी सांगत होत्या, "खोलीचा बघतंय."

खोलीचं बघते! कुठली खोली? ह्या घरात दुसरी खोली आमचीच की! म्हणजे बघा कसं जुळलं सगळं. आधी गीझर बंद करून अंघोळीचे हाल, मग उकळत्या पाण्यात कपडे घालून त्यांचा सत्यानाश. माणूस कंटाळून आपणहून घर सोडेल. काय डोकं आहे!

"अगं पण त्यांच्याही सलवारी आखडल्यात," हे म्हणाले.

"पुरावा लपवायला!" मी म्हणाले.

भात सोडल्यापासून ह्यांच्यात वाद घालायची ताकद उरली नव्हती.

पण आतून मी हादरले होते, खोटं कशाला सांगू? ह्या परक्या गावात आपलं म्हणावं असं एकच माणूस मिळालं होतं. मला ताप आला तेव्हा पेज करून घालणारी. ती आपल्याला घराबाहेर काढायला बघते आहे, ह्या विचारानं घास उतरत नव्हता.

शुक्रवारी इथं सुट्टी, सगळे घरी. सकाळी नेहमीसारखी अंघोळ केली, मशीनमध्ये कपडे घातले, बटण थंड पाण्यावर ठेवलं आणि समोरच्या स्वयंपाकघरात लसूण सोलायच्या निमित्तानं पहाऱ्याला बसले. लसणाकडे बोटं, मशीनकडे डोळे.

थोड्या वेळानं भाभी आल्या. हातात फडकं. इकडं बघितलं, तिकडं बघितलं आणि हात नेला थेट मशीनच्या बटणाकडं.

"पकडलं!" मी ओरडले. लसूण सगळा जमिनीवर.

हे धावत आले. इक्बालभाई दाढीला साबण तसाच ठेवून आले.

मी बाथरूममध्ये शिरून मशीनच्या काचेवर हात ठेवला. चटका बसला! "बघा! थंड पाण्यावर लावलेली मशीन अशी तापते? भाभी, आम्हाला काढायचं असेल तर तोंडावर सांगा ना! भावासाठी खोली हवीय ना तुम्हाला?"

भाभींच्या हातातलं फडकं तसंच राहिलं. "भाऊ? त्याला तर अहमदीला कंपनीनं खोली दिलान. मी फक्त गादीचा, पडद्याचा बघतंय. तुला काढू मी?" त्यांनी ते फडकंच माझ्यापुढं धरलं. "मी तर मशीन पुसायला आलंय गो."

"मग हे गरम पाणी कुठून आलं?"

भाभींनी मला हाताला धरून मशीनच्या बाजूला नेलं आणि मागची नळी दाखवली. ती लाल नळाला जोडलेली!

"हय कुवेतात उन्हाळ्यात असाच करायचा," त्या म्हणाल्या. "गच्चीवरच्या टाकीतला पाणी दुपारी निळ्या नळाला कसा आगीसारखा येता, बघतंस ना? म्हणून गीझर बंद ठेवायचा. एसीत राहून गीझरातला पाणी गार होता. तोच अंघोळीला, तोच मशीनीला. दर उन्हाळ्यात मी नळी बदलतंय. पण ह्या वर्षी कोण मेला रोज सकाळी गीझर लावून जाता, कळतच नाय! मी मशीन लावतंय, मागून बघतंय तर बटण चालू."

मशीन आपली गरगरतच होती.

मी काय करावं? तुम्ही काय केलं असतं? मी म्हणाले, "तो मेकॅनिक! त्यानंच काहीतरी करून ठेवलं असेल."

तेवढ्यात आमचे हे. महिनाभर भात न खाल्लेला माणूस, डोकं चालत नसणार, पण तोंड चाललं! "अगं, तूच लावतेस की रोज. मलाही म्हणाली होतीस, बघतेच ही बाई किती दिवस बंद करते ते!"

जमीन दुभंगून मला पोटात घेईल तर बरं, असं वाटलं. पण आम्ही चौथ्या मजल्यावर. खालच्यांच्या बाथरूममध्ये पडले असते.

"भाभी," मी कशीबशी म्हणाले, "तुम्हाला माझा संशय आला नाही?"

"तुझा कसा येल?" भाभी म्हणाल्या. "मी विचारलंय तुला. तू नाय म्हणालीस. घरच्या माणसानं नाय म्हटला म्हणजे नाय." मग जरा लाजल्या. "मना वाटला, घरात जिन हाय. रोज दुआ पढून गीझरावर फुंकतंय मी!"

मी पहिल्या फटक्यात तिच्यावर संशय घेतला होता. आणि तिनं भुतावर घेतला, पण माझ्यावर नाही. मला रडूच फुटलं. तर भाभी एवढ्या हसायला लागल्या की त्यांना मशीनवरच बसावं लागलं.

आता त्यांच्याकडं कुणीही पाहुणं आलं, की त्या मला हाक मारून बोलावतात आणि मोठ्या अभिमानानं ओळख करून देतात, "ही रेखा. शिकलेली हाय, हॉस्पिटलात असता. आमच्या गीझरातला जिन तो हीच!"