मागच्या सीटचं वजन

"पंखा बंद करा, वहिनी. वारा लागला की विमान खोटं बोलतं," असं म्हणून ते शेडचं दारही ओढून घ्यायचे. बाहेर जबलपूरचा मे महिना, आत पत्र्याखाली आम्ही.

खमरियाच्या दारूगोळा फॅक्टरीतून निवृत्त झालेले आमचे हे शेजारी. घरामागच्या शेडमध्ये आठ वर्षं एक छोटं विमान बांधत होते. दोनच सीट, एकामागे एक. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील: स्वतःचा चष्मा दोऱ्याने बांधतील, पण एकेक बोल्ट मऊ कागदात गुंडाळून ठेवतील.

वजन घ्यायच्या दिवशी आधी सगळं विमान पुसायचं, कारण धुळीलाही वजन असतं. मग शेपूट स्टुलावर चढवून विमान सपाट करायचं. दोन चाकांखाली दोन काटे, शेपटाखाली तिसरा. आकडे लिहायला मी, कारण शाळेत गणित शिकवायचे. त्या आकड्यांवरून विमानाचा तोल कुठे पडतो ते निघतं. तोल फार मागे गेला, तर वर गेलेलं नाक खाली येत नाही आणि विमान पडतं.

"मागे पहिल्या तुम्ही बसणार," ते म्हणाले. "वजन सांगा."

"अठ्ठावन्न."

पंचावन्न वर्षांची गाढव होते मी तेव्हा. शेजारी उभे असलेले माझे यजमान नुसते खोकले.

हिशोब जमला, पण अगदी काठावर. उड्डाण आठवड्यावर आलं. मला गणित येत होतं, हीच पंचाईत. कढी ढवळतानाही बेरीज सुरू. शेवटी गेले.

"भाऊजी, ते अठ्ठावन्न माझ्या लग्नातलं असेल."

"अच्छा. या काट्यावर."

एकोणसत्तर. ते हसले नाहीत. वहीतल्या अठ्ठावन्नवर त्यांनी रेघ मारली.

"आता तुम्ही चढा," मी फणकाऱ्याने म्हटलं.

"माझं लिहिलेलं आहे."

"कधी तोललं होतं?"

"काहून विचारून राहिल्या?"

पण चढले. वहीत बहात्तर होतं, काट्यावर त्रेसष्ट. त्यांच्या कमरेच्या पट्ट्याला पाडलेलं नवं भोक मला तेव्हा दिसलं. धूळ पुसून घेणाऱ्या माणसाने स्वतःचं वजन जुन्या कागदावरून उतरवलं होतं.

"पोटाचं काहीतरी आहे," ते म्हणाले. "डॉक्टर बघून राहिले."

मला मागे बसवायचा विषय तिथेच संपला. एकट्याने उडायचं तरी समोरच्या सीटवर बहात्तर किलो हवेतच, नाहीतर तोल मागे सरकतो. म्हणून कमी पडतील तेवढे किलो वाळू पिशवीत भरून सीटखाली बांधायची ठरली. "साठच्या खाली गेलो की उडणार नाही," असं त्यांनी वहीत लिहिलं आणि सही केली.

कुंडमच्या रस्त्याला एका ओळखीच्यांच्या शेतात धावपट्टी होती. तिथून ते तीनदा उडाले. दर वेळी पिशवी मी भरायची आणि दर वेळी ती जड व्हायची. चौथ्या खेपेच्या सकाळी काट्यावर साडेएकोणसाठ.

"अर्ध्या किलोचं काय एवढं, भाऊजी? पोहे खाऊन या."

"वहिनी, पुन्हा?"

आकडा त्यांनी स्वतःच वहीत लिहिला. सीटखालची पिशवी सोडली आणि धावपट्टीच्या कडेला रिकामी केली. "चलो, घरी."

दिवाळीआधी ते गेले.

विमान शेडमध्येच आहे. मागच्या सीटवर मी एकदा चढून बसले. समोरची सीट रिकामी होती. शेपूट आधीच जमिनीला टेकलेलं होतं, त्यामुळे माझ्या वजनाने काही बिघडलं नाही.